महाराज आजारी असताना

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळ संपल्याची चिठ्ठी आल्यामुळे जे बोलायचं राहिलं, तेही लिहून काढताना आत घातलं आहे.)



मला समितीचा फोन आला तेव्हा विषय ठरलेला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण'. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून तो विषय माझ्या गळ्यात. मी म्हटलं, तो विषय रोज ऑफिसात असतो, निदान साताऱ्यात तरी नको. मला शाहू महाराजांच्या शेवटच्या दिवसांवर बोलायचं आहे. पलीकडून दोन क्षण काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, 'चालेल, पण पंधरा मिनिटं.' दहावीला इतिहासात मला किती मार्क पडले होते ते इथल्या दोघी-तिघींना माहीत आहे. त्यांनी कृपया आता सांगू नये.

सातवीत बाईंनी आपल्याला सायकलवरून संगम माहुलीला नेलं होतं, आठवतं? पहाटे निघालो होतो. कृष्णा-वेण्णेचा संगम, देवळं, घाट. आपल्यापैकी बहुतेकांना त्या सहलीतलं एकच आठवत असेल, ते म्हणजे कुत्र्याची समाधी. शाहू महाराजांना वाघापासून वाचवणारा कुत्रा, त्याला पालखीचा मान, दरबारात भरजरी वस्त्रं. आपण सगळे तिथेच घुटमळत होतो. बाई मात्र शेजारी महाराजांच्या समाधीपाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, 'महाराज गेले, मग गादीवर कोण आलं?' कुणीतरी म्हणालं, पेशवे. बाई म्हणाल्या, 'चूक. रामराजा.' आम्ही म्हटलं, हा कोण? बाई म्हणाल्या, 'हेच. हा कोण, असं त्याला आयुष्यभर सगळे विचारत राहिले.' मग डबे उघडले आणि विषय संपला.

तो विषय माझ्या डोक्यात पुन्हा आला तो तीन वर्षांपूर्वी, एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. ते शेवटी सांगते. आधी सातारा.

सन १७४९. शाहू महाराजांना गादीवर बसून एकेचाळीस वर्षं झालेली. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला, त्याआधीची सतरा-अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत. सात वर्षांचा मुलगा रायगड पडल्यावर आईबरोबर कैदेत गेला आणि पंचविशीत सुटला. सुटून आला तर घरी गादीवर काकू. महाराणी ताराबाई, राजारामांच्या विधवा, आपल्या लहान मुलाच्या नावाने राज्य चालवत होत्या, आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंजल्या होत्या. त्यांनी शाहूंना तोतया म्हटलं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. खेडला लढाई झाली, शाहू जिंकले, ताराबाई पन्हाळ्याला गेल्या. तिथे १७१४ मध्ये सवतीने आणि सवतीच्या मुलाने, म्हणजे राजसबाई आणि संभाजीने, त्यांनाच कैद केलं. मुलगा कैदेतच गेला. पुढे १७३१ च्या वारणेच्या तहाच्या सुमाराला ताराबाई साताऱ्याला आल्या त्या पुतण्याच्या नजरकैदेत. म्हणजे ज्याला तोतया म्हटलं त्याच्याच किल्ल्यावर अठरा वर्षं. अजिंक्यताऱ्यावरून खाली गाव दिसतं तसं त्यांना रोज दिसत असणार.

आता आजारी राजा. महाराज साठी उलटलेले, शरीर आणि मन दोन्ही थकलेलं. दोन राण्या होत्या, सकवारबाई आणि सगुणाबाई. सगुणाबाई १७४८ मध्ये वारल्या. मुलगा नाही. राज्य तर अटकेच्या दिशेने आणि बंगालच्या दिशेने पसरलेलं, आणि रंगमहालातल्या पलंगावर एक दुखणाईत माणूस. त्याच्यानंतर कोण?

पर्याय एक, कोल्हापूरचे संभाजी, रक्ताचे चुलत भाऊ. पण त्यांच्याशी जन्माचं भांडण, आणि त्यांनाही मूल नाही. पर्याय दोन, मालोजींचे भाऊ विठोजी यांच्या वंशातला एखादा मुलगा शोधायचा. तसा शोधही झाला. अशा वेळी किल्ल्यावरच्या नजरकैदेतल्या ताराबाईंनी निरोप पाठवला की माझा नातू जिवंत आहे. मुलाच्या मरणानंतर जन्मलेला, राजसबाईच्या भीतीने लपवलेला, बार्शीजवळ पानगावला बहिणीकडे वाढलेला. नाव राजाराम, सगळे म्हणतात रामराजा. वय तेवीस-चोवीस.

इथे थांबून जरा विचार करा. हे खरं की खोटं, हे सांगू शकणारी साक्षीदार प्रामुख्याने एकच बाई. आणि त्या बाईला ते खरं असण्यात सगळ्यात जास्त फायदा.

सकवारबाईंना हे मान्य नव्हतं. शाळेत आपल्याला, म्हणजे जेवढं शिकवलं तेवढ्यात, सकवारबाई म्हणजे कारस्थानी राणी. मी पण तेच समजत होते. आता त्यांच्या जागी उभी राहून बघते. नवरा जाणार. रामराजा आला तर आजी ताराबाई, सत्ता आजीकडे. पेशव्यांकडे गेली तर पेशव्यांकडे. आपल्या हाताने मूल दत्तक घेतलं किंवा आपल्या उपकारात राहणारा कोल्हापूरकर आणला, तरच आपल्याला या वाड्यात काही किंमत. त्यांनी मुलगा खोटा आहे म्हणून ओरडा केला. प्रतिनिधी जगजीवनराव त्यांच्या बाजूला. आणि त्यांनी दुसरं केलं ते म्हणजे महाराजांच्या खोलीत ठाण मांडलं. शेवटचे महिने त्या तिथून हलल्या नाहीत. सेवा म्हणा, पहारा म्हणा. दोन्ही एकच होतं, आणि मला वाटतं त्यांना स्वतःलाही यातलं कुठलं किती ते सांगता आलं नसतं. ज्यांनी घरातलं मोठं माणूस शेवटचं सांभाळलंय त्यांना हे कळेल.

तिसरी बाजू नानासाहेब पेशव्यांची. तेव्हा वय अठ्ठावीस. दोनच वर्षांपूर्वी, १७४७ मध्ये, महाराजांनी त्यांना पेशवाईवरून दूर केलं होतं आणि थोड्याच दिवसांत परत नेमलं होतं. म्हणजे धन्याच्या मनात आलं तर आपलं पद जाऊ शकतं, हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं होतं. ते मोठी फौज घेऊन साताऱ्यात येऊन बसले.

राजा जिवंत आहे. तख्त भरलेलं आहे. तरी गावात फौज, खोलीत राणी, किल्ल्यावर काकू. मला हे वाचताना पहिल्यांदा उमगलं की वारसाचा झगडा माणूस गेल्यावर सुरू होतो ही आपली समजूत चुकीची आहे. गेल्यावर फक्त निकाल लागतो. झगडा असतो तो खोलीच्या दाराशी, कोण आत जाणार आणि आतून आलेल्या कुठल्या कागदावर बाहेरच्यांनी विश्वास ठेवायचा, याचा.

कागद दोन होते. शाहू महाराजांच्या हातच्या दोन चिठ्ठ्या, मोडीत. सार असं, की फौजेचा आणि राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, कोल्हापूरकरांना आणू नये, गादीवर जो बसेल त्याच्या आज्ञेत इतरांनी राहावं, वंश चालवावा, आणि बाकी सगळं चिटणीसाला सांगितलं आहे. चिटणीस म्हणजे गोविंदराव. ग्रँट डफने, म्हणजे साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने, लिहिलंय की राणीचा एवढा पहारा असताना पेशव्यांनी गुप्त भेट साधून ही सनद मिळवली. रियासतकार सरदेसाई त्या चिठ्ठ्यांकडे महाराजांची खरी इच्छा म्हणून बघतात. मी इंजिनिअर आहे, इतिहासकार नाही. मला त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा थांबवतं, चिटणीसाला सांगितलं आहे. सांगितलं ते कागदावर नाही. एवढ्या मोठ्या राज्याचं 'बाकी सगळं' एका माणसाच्या डोक्यात.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. एखादी यंत्रणा कशी चालते हे एकाच माणसाला माहीत असेल, तर आम्ही विचारतो, तो उद्या बसखाली आला तर? किती माणसं बसखाली आली की काम बंद पडेल, तो आकडा म्हणजे त्या यंत्रणेचा 'बस फॅक्टर'. एक असेल तर धोक्याची घंटा. हसू नका, खरंच असं म्हणतात.

आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती तर तंतोतंत साताऱ्याची. मोठ्या यंत्रणेत एक मुख्य सर्व्हर असतो आणि एक राखीव. मुख्य बंद पडला की राखीव सूत्रं हातात घेतो. मेलेला सर्व्हर आम्हाला फार त्रास देत नाही. त्रास देतो तो आजारी सर्व्हर. अर्धवट चालू, कधी उत्तर देतो, कधी नाही. राखीवाला वाटतं तो गेला, म्हणून हा मुख्य बनतो. तो गेलेला नसतो, तोही आज्ञा देत राहतो. दोन मुख्य झाले की दोघं एकाच हिशोबावर वेगवेगळं लिहायला लागतात आणि सगळा हिशोब नासतो. याला आम्ही 'स्प्लिट ब्रेन' म्हणतो. त्यावर उपाय ठरलेला आहे. सूत्रं हातात घेण्याआधी दुसऱ्याची वीज तोडायची. तो खरंच आजारी आहे का, हे विचारत बसायचं नाही. वीज तोडायची.

१५ डिसेंबर १७४९ ला महाराज गेले. ग्रँट डफच्या वर्णनाप्रमाणे श्वास थांबतो न थांबतो तोच घोडेस्वारांची तुकडी साताऱ्यात शिरली. प्रतिनिधी आणि त्यांचे मुतालिक यमाजी शिवदेव यांना पकडलं, बेड्या घातल्या आणि लांबच्या किल्ल्यांवर रवाना केलं. शहराची नाकेबंदी झाली.

आणि सकवारबाई. त्यांनी आधीपासून लोकांत बोलून ठेवलं होतं की महाराज गेले तर मी सती जाणार. डफ म्हणतो, कारस्थान झाकायला. असेल. पेशव्यांनी त्यांना निरोप पाठवला तो असा, की बाईसाहेबांनी सती जाण्याचा विचार कृपया करू नये, आम्ही सगळे त्यांच्या आज्ञेत आहोत. वाचायला किती आदराचा निरोप. पण तो चार लोकांत गेला, म्हणजे आता त्या मागे फिरल्या तर सगळ्या जगासमोर फिरणार. शिवाय त्यांच्या माहेरी, शिर्क्यांकडे, त्यांच्या भावाला निरोप गेला की बोललेलं केलं नाही तर घराण्याला काळिमा. भावाला बक्षिसाची आशाही दाखवली गेली. आणि त्या सती गेल्या, तिकडे माहुलीला.

बाईंनी आपल्याला सहलीला हे सांगितलं नव्हतं. बरोबरच केलं, आपण सातवीत होतो. पण मला आता वाटतं, आपण जिथे पुरी-भाजी खाल्ली त्या घाटावर ही गोष्ट झालेली आहे. सर्व्हरची वीज तोडतो तेव्हा आम्ही एक बटण दाबतो. इथे एका बाईला तिच्याच तोंडचे शब्द वापरून चितेवर चढवलं. नानासाहेब पुढे मोठे पेशवे झाले, त्यांचं कर्तृत्व मी नाकारत नाही. राज्य फुटण्यापासून वाचवलं, असंही म्हणता येईल. तरी हा निरोप ज्याने लिहून काढला त्या कारकुनाचा हात कापला असेल का, असं मनात येतं.

आता रामराजा.

पानगावहून हा तरुण आणला. ४ जानेवारी १७५० ला साताऱ्यात अभिषेक. त्याआधी नागपूरकर रघूजी भोसल्यांसारखे मातब्बर सरदार म्हणाले, मुलगा खरा भोसला कशावरून? मग ताराबाईंनी जातभाईंच्या देखत त्याच्या पंगतीला बसून जेवायचं आणि त्या अन्नावर हात ठेवून शपथ घ्यायची की हा माझा नातू, असं ठरलं. त्या जेवल्या. शपथ घेतली. सगळ्यांचं समाधान झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सांगोला. यमाजी शिवदेवाचं बंड मोडायला सदाशिवरावभाऊ निघाले, त्यांनी नव्या राजालाही बरोबर नेलं. तिथे रामराजाने करार केला की राज्याचा सगळा अधिकार पेशव्यांकडे, पेशवे जे करतील त्याला माझी मंजुरी, मला साताऱ्याभोवतालचा थोडा मुलूख माझ्या हाताखाली असावा. छत्रपतींच्या गादीची सत्ता एका मोहिमेच्या छावणीत एका सहीने हलली. त्यातला तो थोडासा मुलूखसुद्धा कराराप्रमाणे नीट मिळाला नाही. सरदारांचं येणंजाणं पुण्याकडे सुरू झालं आणि सातारा, आपलं सातारा, नावापुरती राजधानी झाली. पेन्शनरांचं गाव म्हणून आपल्याला चिडवतात, त्याची सुरुवात बघा कधीपासून आहे.

ताराबाईंना हे कसं चालणार? पंचाहत्तर वर्षांची ही बाई. नातवाला म्हणाली, तू राजा आहेस, पेशव्याचा कारभार हिसकावून घे. तो काही उठला नाही. नोव्हेंबर १७५० मध्ये चंपाषष्ठीचं निमित्त करून त्याला किल्ल्यावर बोलावलं, आणि खाली उतरू दिलं नाही. आणि काय म्हणाली? तू माझा नातूच नव्हेस, भोसल्याचं रक्त असं नसतं. तू गोंधळ्याचा पोर, लहानपणी अदलाबदल झालेला. तुला मी अंधारातून उगाच बाहेर काढलं, आता कृष्णेच्या काठी प्रायश्चित्त घेईन. मग किल्ल्यावरून खाली गावावर तोफा डागल्या. राजाला दगडी कोठडीत घातलं, जाडंभरडं धान्य खायला.

पुढचं थोडक्यात सांगते. ताराबाईंनी गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावलं. ते निंबपर्यंत जिंकत आले, मग वेण्णेकाठी अडकले. नानासाहेब निजामाच्या मुलखातून धावत परतले, आणि एप्रिल १७५१ च्या शेवटी दमाजींना कैद झाली. गायकवाडांचा मुद्दा लांबचा आहे, तो सोडते. ताराबाई मात्र किल्ला सोडायला तयार नाहीत. शेवटी समेट झाला आणि सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी शपथ घेतली की रामराजा माझा नातू नाही.

एकच बाई. पंगतीत अन्नावर हात ठेवून हो, आणि कुलदैवतासमोर नाही. शाहूंनाही त्यांनी असंच तोतया म्हटलं होतं. मला त्यांचा राग येत नाही, खरं सांगते. पस्तीस वर्षं ज्या बाईला सगळ्यांनी कोंडून ठेवलं तिच्या हातात एकच हत्यार उरलं होतं, खरा कोण हे सांगण्याचं. ते तिने जिथे जिथे उपयोगी पडेल तिथे वापरलं. पेशव्यांनीही ते सोयीप्रमाणे मानलं. गंमत बघा, राजा खोटा असल्याची शपथ झाली, तरी राजा बदलला नाही. खोटा राजा पेशव्यांना जास्त सोयीचा होता. ताराबाई नानासाहेबांच्याही पुढे जगल्या. पानिपत झालं, जून १७६१ मध्ये पर्वतीवर नानासाहेब गेले, आणि त्या डिसेंबरमध्ये ताराबाई गेल्या. तोपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, रामराजा किल्ल्यावर होता. पुढे माधवरावांच्या काळात त्याला खाली गावात थोडं मोकळं राहता आलं. १७७७ मध्ये तो गेला. सत्तावीस वर्षांहून जास्त काळ छत्रपती. त्याने स्वतः काय म्हटलं, त्याला पानगावहून यायचं होतं का, हे सगळं वाचताना मी शोधत होते. प्रत्येक पानावर लोक त्याच्याविषयी बोलतात.

आता हॉस्पिटलचा कॉरिडॉर. नावं घेणार नाही, कंपनीचंही नाही.

मी ज्या कंपनीत अकरा वर्षं होते ती एका माणसाने उभी केली. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. अतिशय हुशार, अतिशय प्रेमळ, आणि प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातात. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलता यायचं, पण तुटक. आणि दुसऱ्या आठवड्यापासून आमच्याकडे निरोप यायला लागले. 'सर म्हणाले.' मॅडम खोलीतून बाहेर येऊन म्हणायच्या, सर म्हणाले अमुक. भागीदार संध्याकाळी भेटून यायचे, सर म्हणाले तमुक. दोन्ही एकमेकांच्या उलट. सरांच्या ईमेलवरून दोन मेल आल्या, त्यातली एक तरी सरांनी लिहिलेली नव्हती, हे मला त्यातल्या स्वल्पविरामांवरून कळत होतं. सर स्वल्पविराम देत नसत.

सगळ्या यंत्रणेच्या चाव्या, पासवर्ड, बँकेच्या मंजुरीचे अधिकार कुणाला असावेत हे ज्या ठिकाणाहून बदलता येतं, ते माझ्या हातात होतं. एका रात्री साडेअकराला फोन आला. 'सरांची इच्छा आहे, हे हे अधिकार आता याच्याकडे दे, त्याचे काढून घे. सर उद्या सही करतील.' मी कॉरिडॉरमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून लॅपटॉप उघडला आणि केलं. सात मिनिटं लागली. सही आली ती चार दिवसांनी, आणि ती सरांच्या सहीसारखी होती एवढंच मी सांगू शकते. का केलं? ज्यांचा फोन होता ते मला जास्त समंजस वाटत होते. कंपनी फुटली असती तर साठ-सत्तर लोकांचे पगार अडकले असते. हे सगळं खरं आहे. आणि ज्यांचे अधिकार काढले त्यांचा मला राग होता, तेही खरं आहे. मेलेल्या-जिवंत सर्व्हरबद्दल इतकी वर्षं लोकांना शिकवणारी मी, खोलीत जाऊन सरांना 'तुम्ही हे म्हणालात का' एवढं विचारलं नाही. खोली वीस पावलांवर होती.

सर दीड महिन्याने गेले. त्यांच्या जागी त्यांच्या पुतण्याला बसवलं. सव्वीस वर्षांचा. तो आमच्याकडे कधी काळी इंटर्न होता, बेंगळुरूला बरी नोकरी करत होता. दोन्ही बाजूंना चालणारा तो एकच होता, कारण त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्याच्यासमोर कागद ठेवायचे आणि तो सह्या करायचा. काही कागद मी ठेवले. वर्षभराने त्याला दूर केलं, आणि मीटिंगमध्ये सांगण्यात आलं की तो मुळात या कामाचा नव्हताच, सरांनी त्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं. ज्यांनी हे सांगितलं त्यांनीच वर्षापूर्वी सांगितलं होतं की सरांची शेवटची इच्छा हीच. मी त्या मीटिंगमध्ये होते. मला त्या वेळी बाई आठवल्या, माहुलीच्या घाटावर उभ्या असलेल्या. घरी आले, बाबांच्या कपाटातले रियासतीचे खंड काढले आणि वाचायला बसले. नंतर ती नोकरी सोडली. लगेच नाही, आठ महिन्यांनी, गृहकर्जाचे हप्ते संपल्यावर. शूर वगैरे काही नाही.

गेल्या महिन्यात या भाषणाची तयारी करताना मी त्या मुलाला फोन केला. तो परत बेंगळुरूला आहे. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग मी विचारलं, 'तुला यायचं होतं का रे तेव्हा?' तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'मॅडम, काकांनी मला हॉस्पिटलमध्ये एकदा जवळ बोलावलं होतं. ते म्हणाले, तू यात पडू नकोस. मी बाहेर येऊन हे सांगितलं. पण कुणी ते लिहून घेतलं नाही.'

मी त्याला रामराजाची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत नव्हती. साताऱ्याला येणार का विचारलं, म्हणाला बघू.

उद्या सकाळी आपल्यापैकी काही जण माहुलीला जाणार आहोत. सायकली नाहीत, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आहे, सात वाजता शाळेच्या फाटकातून निघेल. कुत्र्याची समाधी बघूच. बाईंना विचारलं, त्याही येते म्हणाल्या आहेत.